साडेतेराचा दंड

"ताई, कमरेत अजून दीड इंच घ्या. मागून पँटही थोडी फिट करा. मॉनिटरवर नुसतं पोतं दिसतंय."

हे रोहन सर म्हणाले. ते जाहिरातीचे डायरेक्टर. जागा काशीदचा किनारा, वेळ सकाळी साडेसातची. आणि 'पोतं' म्हणजे सुरूच्या बनापाशी सावधान उभी असलेली लान्स नाईक शीतल. ती आमच्यापासून चार पावलांवर होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"सर, हा गणवेश आहे, ब्लाऊज नाही," मी म्हटलं.

"ते माहितीये मला. पण ती बाई आहे हे लोकांना कळायला नको का? कॅमेरा सगळं चपटं करतो. शेप हवा."

शीतलनं मान न हलवता समुद्राकडे नजर वळवली.

मी प्रज्ञा. अलिबागेत माझं शिवणाचं दुकान आहे. आधी शाळांचे गणवेश शिवायची, मग पोलिसांचे, मग सिक्युरिटीवाल्यांचे. आमच्या किनाऱ्यावर वरचेवर शूटिंग होतं. एकदा कुणाची तरी पँट ऐनवेळी उसवली, मला बोलावणं आलं, आणि तेव्हापासून कॉस्च्युमचं कामही माझ्याकडे येऊ लागलं. पेशवाई अंगरख्यापासून नर्सच्या ड्रेसपर्यंत सगळं शिवलंय. गणवेश मात्र माझा हातखंडा.

ही जाहिरात सैन्यात महिलांच्या भरतीची होती. त्याहून जास्त सांगायची मला मुभा नाही. एक छोटी फिल्म आणि रस्त्यावरच्या होर्डिंगसाठी एक फोटो. मॉडेल नको, खरी सैनिकच हवी, अशी वरून अट होती. मात्र तिच्या खऱ्या गणवेशाला कात्री लावता येत नाही. म्हणून शूटिंगसाठी डमी शिवतात. त्यालाही परवानगीचं पत्र लागतं. ते आलं, आणि मी तीन जोड शिवले. एक कोरडा, एक पाण्यातल्या शॉटसाठी, एक जादा.

रोहन सरांनी सांगितलं तसं मी केलं. हे कबूल करते. सेटवर डायरेक्टरचा शब्द शेवटचा, आणि मी तिथं वाद घालायला गेले नव्हते. चेंजिंग रूम म्हणून पर्यटकांची एक खोली घेतली होती, तिथं माझं छोटं मशीन मांडलं होतं. शर्टाला मागून दोन टक्स घातले. टक्स म्हणजे कापड चिमटीत धरून आतून शिवायचं, म्हणजे कपडा अंगाला बसतो. पँटही मागून दाबली. कापलं मात्र काही नाही. कापडाला आत माया ठेवायची आणि ती शेवटपर्यंत कापायची नाही, ही माझी जुनी सवय. शिवणीच्या आत जादा सोडलेल्या कापडाला आम्ही माया म्हणतो. माया असली की चूक दुरुस्त होते.

पहिला मोठा शॉट होता जखमी सोबत्याला उचलण्याचा. शीतलबरोबर तिच्या तुकडीतले काही जवानही आले होते. त्यातला एक बहात्तर किलोचा. त्याला खांद्यावर घेऊन ओल्या वाळूवरून पन्नास पावलं पळायचं. ओली, घट्ट वाळू ओहोटीलाच मिळते. दहाच्या सुमारास पाणी चढणार होतं. भरतीची जाहिरात आणि शूटिंगला ओहोटी हवी, यावर युनिटमध्ये सकाळपासून विनोद चालले होते.

शीतल खाली वाकली. जवानाचा हात धरून त्याला पाठीवर ओढू लागली. तिचा हात खांद्याच्या वर जाईना. शर्ट बगलेत आवळला होता. दुसऱ्यांदा तिनं झटका दिला, तोल गेला, दोघंही वाळूत पडले. तिसऱ्या वेळी पँटनं गुडघाच वाकू दिला नाही.

"कट!" रोहन सर ओरडले. घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. उचलायचा शॉट काढून टाकू. उचलतील मुलं. ही कॅमेऱ्याकडे चालत येईल, स्लो मोशन. वाऱ्यावर थोडे केस मोकळे. मागून मुलं पळतायत. मस्त दिसेल."

हे ऐकून मी टेबलावरचा स्टोरीबोर्ड उचलला. स्टोरीबोर्ड म्हणजे शूटिंगचा नकाशा, चौकटीत काढलेली चित्रं आणि खाली एकेक ओळ. एरवी मी फक्त कपड्याचं बघते. त्या दिवशी ओळी वाचल्या. जवानांच्या चौकटींखाली लिहिलं होतं: चढतो, उडी मारतो, ओढतो, पोहतो. शीतलच्या चौकटींखाली: वळून बघते, हसते, केस बांधते. 'उचलते' ही एकच ओळ होती, आणि तीही आता गेली. का गेली? तर मी घातलेल्या टक्समुळे.

शीतल खोलीत कपडे बदलायला आली. ही मुलगी हरिहरेश्वरच्या बाजूची. वडिलांची नारळी-पोफळीची छोटी वाडी. माझ्याशी पहिल्यापासून आपल्या गावच्या बोलीत बोलत होती.

"काकी, एक सांगू? राग न्हाय ना यायचा?"

"सांग."

"ही फिल्म आमच्या सेंटरला दाखवतील. मी नव्या पोरींना ट्रेनिंग देते. पहिल्या दिवशीच सांगते, शर्ट ढिला पाहिजे, दोर चढायचा हाय. आणि आता त्या मलाच अशी बघणार. केस सोडून."

मी शर्ट काढायला मदत करत होते. बनियनमध्ये तिचे खांदे पहिल्यांदाच नीट दिसले. पाठ दोन्ही बाजूंना पसरलेली, पोहणाऱ्यांची असते तशी. दंड गोल, टणक. माझं लक्ष गेलंय हे तिच्या लक्षात आलं.

"सुट्टीवर गेले ना, का बायका आईला सांगतात, पोरीचे खांदे बाप्यासारखे झाले, जरा पदर घे म्हणावं. मी म्हटलं, शूटिंगवाले तरी खांदे बघूनच बोलवत असतील." ती हसली. "पण इथं पण झाकायचंच हाय."

मी मापाचा कागद काढला.

आता माझी चूक सांगते. मापं पंधरा दिवस आधी फोनवर आली होती. खांदा सतरा. दंडघेर, म्हणजे दंडाचं गोल माप, साडेतेरा. मला वाटलं, कुणीतरी चुकून जवानाचं माप पाठवलं. मी फोन करून शीतललाच विचारलं होतं. "बरोबर हाय काकी," ती म्हणाली होती. तरीही माझा विश्वास बसला नाही. इतक्या वर्षांत मी बाईचा असा दंड मापला नव्हता. म्हणून माझ्या अकलेनं खांदा सोळा धरला, दंड बारा. छाती आणि कंबर मात्र कागदाप्रमाणे ठेवली.

मी टेप काढला आणि तिचं माप घेतलं. खांदा सतरा. दंड साडेतेरा. दोरा इकडचा तिकडे नाही.

मग सगळा उलगडा झाला. शर्ट कमरेत पोत्यासारखा दिसत होता, कारण मी खांदे बारीक केले होते. वर अरुंद आणि खाली भरपूर, मग दुसरं काय दिसणार? सरांनी रोग बरोबर पकडला होता, औषध चुकीचं सांगितलं होतं. आणि मी ते मुकाट्यानं पाजलं होतं.

पावणेनऊ झाले होते. मी बाहेर गेले.

"सर, मला एक तास द्या. शर्ट पुन्हा बसवते."

"अजून टाइट होतोय?"

"नाही, सैल करतेय. कमरेत काही प्रॉब्लेम नाही. खांदा चुकलाय, आणि तो मी चुकवलाय. खांदा सरळ बसला की कंबर आपोआप नीट दिसेल."

"ताई, तासाभरात माझी वाळू जाईल! चालण्याचा शॉट याच शर्टात होतोय ना?"

"होतोय. पण चालायला सैन्यात कशाला जायला हवं? उचलण्याचा शॉट तुम्हीच लिहिला होता सर. तो माझ्या शिवणीमुळे जाऊ नये."

ते वैतागले. "आणि नाही जमलं तर? तीनच जोड आहेत."

"तर पुढच्या वेळी दुसरी टेलर बघा."

हे मी सहज बोलले नाही. त्यांच्यासारख्या चार युनिटांवर माझं निम्मं दुकान चालतं. पण मला काम येतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी मुलांचे शॉट आधी घ्यायचं ठरवलं. "नऊ पन्नास," एवढंच म्हणाले.

आत येऊन मी टक्स उसवले, पँट मोकळी केली. दोन्ही मुंढे उघडले. मुंढा म्हणजे बाही जिथं शर्टाला जोडतात ती गोल शिवण. खांद्यात दोन्हीकडे इंचभर माया होती, त्यातली अर्धा-अर्धा सोडली. सतरा झाला. बाहीत मात्र तेवढी माया नव्हती. मग जादा शर्ट घेतला आणि त्याला सरळ कात्री लावली. त्यातून दोन कळ्या काढल्या. कळी म्हणजे बगलेत जोडायचा पतंगाच्या आकाराचा तुकडा. तिच्यामुळे हात वर केला तरी शर्ट ओढला जात नाही. कापडावरची चट्ट्यापट्ट्यांची नक्षी जुळवत बसले नाही. बगल कोण बघतो?

शीतल शेजारी बसून मला दोरे तोडून देत होती. मध्येच म्हणाली, "काकी, तुमी खांदा सोळा का धरलात?"

"तुझ्यावर विश्वास नाही बसला."

"मग आता?"

"आता टेपनं सांगितलं."

ती मोठ्यानं हसली.

नऊ पंचेचाळीसला तिनं शर्ट चढवला. मी म्हटलं, हात वर कर. केला. मागे ने. नेला. उकिडवी बस, ऊठ, मला उचल. तिनं खरंच उचललं. मी काही हलकी नाही.

एव्हाना मेजर मॅडम पोहोचल्या होत्या. जाहिरात मंजूर करायचं काम त्यांचं. मुंबईहून बोटीनं मांडव्याला उतरून गाडीनं आल्या होत्या. त्यांना सकाळचं काही माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. तक्रार करायला नव्हे, शर्ट नीट बसतोय का ते बघायला मी बाहेर आले होते.

"रोल," रोहन सर म्हणाले.

शीतल वाकली. जवानाचा हात धरला, एका दमात त्याला खांद्यांवर आडवा घेतला आणि उठली. मग पळाली. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. पन्नास पावलं ठरली होती, ती पुढे पळतच राहिली. कुणी कट म्हणालंच नाही. खांद्यावरचा जवान ओरडला, "अगं बास!" तेव्हा कुठे थांबली.

रोहन सर मॉनिटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "परत. कॅमेरा जवळ घ्या. मला तिचा खांदा हवाय, दंड हवाय." आणि माझ्याकडे न बघता, "थँक यू ताई."

मेजर मॅडमनी मॉनिटरवर शॉट बघितला, मग स्टोरीबोर्डवरून नजर फिरवली. "केस मोकळे वगैरे काही नाही ना?" त्यांनी विचारलं.

"छे, तसं काही नव्हतंच," सर म्हणाले. मी दोऱ्याचं रीळ पिशवीत भरलं.

इथंच संपलं असतं. पण तीन आठवड्यांनी मेजर मॅडमनी मला फोनवर एक फोटो पाठवला. होर्डिंगसाठी रोहन सरांच्या ऑफिसात तयार झालेला. खाली प्रश्न: 'हा शर्ट तुम्हीच शिवलेला का?'

फोटोत शीतल बाही दुमडून उभी होती. पण रिटचिंग झालं होतं. रिटचिंग म्हणजे कॉम्प्युटरवर फोटो घासूनपुसून काढणं. चेहरा दोन शेड गोरा. कंबर मुठीत मावेल इतकी. आणि दंड कुणीतरी तासून काढला होता.

मी उत्तर लिहिलं: 'शर्ट माझा. दंड शीतलचा नाही. छातीवरचा खिसा मी साडेपाच इंच रुंद शिवलाय. फोटोत दंडाची रुंदी त्याच्या निम्मी दिसतेय, म्हणजे घेर जेमतेम साडेआठ. एवढा दंड माझ्या सहावीतल्या भाचीचा आहे.' सोबत मापाच्या कागदाचा फोटो जोडला.

पुढे ऑफिसात काय झालं, ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी रोहन सरांचा फोन आला. "ताई, तुम्ही मॅडमना खिशाचं माप पाठवलंत?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"आम्हाला तरी आधी विचारायचं."

"तुम्ही फोटो पाठवला असता तर तुम्हालाही सांगितलं असतं सर."

ते म्हणाले, "रिटचिंगवाल्याची सवय हो. बाई आली की तो आपोआप बारीक करतो. कुणी सांगावंही लागत नाही." मला त्याचा राग आला नाही. मी तरी काय केलं होतं? त्याच्याकडे माउस, माझ्याकडे कात्री, एवढाच फरक.

होर्डिंग लागलं ते मूळ फोटोचं. शीतलचा फोन आला. सेंटरला फिल्म दाखवली, कुणी हसलं नाही. पोरींनी एकच विचारलं, खांद्यावरच्या माणसाचं वजन किती होतं. गावच्या बायकांचं मी विचारलं, तर म्हणाली, "त्या म्हणतात, होर्डिंगवर बरी दिसतेस, पण खांदे मोठेच हायत." त्यावर आम्ही दोघी बराच वेळ हसलो.

रोहन सरांचं काम अजून माझ्याकडे येतं. फक्त आता मापं लिहून घेण्याआधी मी विचारते, हे कपडे घालून ती बाई काय करणार आहे? 'चालणार आहे' म्हणाले तर नेहमीचा वेळ सांगते. 'उचलणार आहे' म्हणाले तर दोन दिवस जास्त मागते. आणि 'अजून ठरलं नाही' म्हणाले, तर ठरवून फोन करा म्हणते.