दोघींची जहाजं

प्रमिलाबाई सुरतच्या एका मराठी शाळेत शिकवायच्या. मराठी मंडळाचा कार्यक्रम असला की कविता त्यांचीच, हे ठरलेलं. सत्त्याण्णव साली स्वातंत्र्याची पन्नाशी आली आणि मंडळानं कथाकाव्यासाठी विषय दिला, ‘देशाचं जहाज’. बाईंच्या काव्यात ऋषी जहाजाची पूजा करत होते, वीर शिडं उभारत होते.

वत्सलानंही लिहिलं. ती सुरतेतल्याच डिंडोली वस्तीतली, मागावर काम करणाऱ्या खानदेशी माणसाची मुलगी, बाईंच्याच शाळेत नुकतीच शिकवायला लागलेली. तिनं मोठ्या विश्वासानं आपल्या ओव्या बाईंना वाचायला दिल्या. तापीकाठी जहाज बांधलं जातंय आणि जो तो घरचं लाकूड घेऊन येतोय :

म्हातारी आणी वाकडं लाकूड,
हसणाऱ्यांची एकच गडबड,
सुतार म्हणे, हेच गं धड,
बरगडी याची जहाजाला.

आपल्याला हे सुचलं नसतं, हे बाईंना तिथंच कळलं.

“बरं आहे,” त्या म्हणाल्या. “पण फार घरगुती झालंय. मंडळात शोभायचं नाही.”

वत्सलाचा चेहरा उतरला, पण तिनं नाव मागे घेतलं नाही.

नेमका कार्यक्रमाच्या दिवशी तिचा घसा बसला. कागद पुढे धरून ती कशीबशी कुजबुजली, “बाई, तुम्हीच म्हणाल?”

चारचौघांत नाही कसं म्हणणार? बाईंनी आधी स्वतःचं काव्य म्हटलं. टाळ्या नेहमीसारख्या पडल्या. मग वत्सलाचं नाव न घेताच त्यांनी तिच्या ओव्या सुरू केल्या. सपाट वाचून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच. पण म्हातारी आली आणि आवाज आपसूक ओवीच्या चालीत शिरला. पहिल्या रांगेतल्या मालतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मंडळाचे चिटणीस श्रीकांतराव मंचावर धावले. “वा, बाई! हे दुसरं तर तुमचं आजवरचं सर्वोत्तम!”

बाई क्षणभर हसल्या. समोर वत्सला बसली होती, तोंडातून शब्द फुटत नसलेली.

“माझं नाही ते,” बाई कोरडेपणानं म्हणाल्या. “वत्सलाचं आहे.”

कार्यक्रमानंतर वत्सला पाया पडायला वाकली, तशा बाई आणखीच चिडल्या. “पुरे! घसा सांभाळ आधी.”

पुढच्या वर्षी मंडळानं कविता मागितल्या तेव्हा त्यांनी वत्सलाचं नाव आपणहून सुचवलं. स्वतःचंही दिलं, पण क्रम तिच्या आधीचा मागून घेतला. तिच्यानंतर म्हणायची त्यांची छाती नव्हती.