कापसाच्या खोलीतला खांब

लग्न होऊन मी महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, जैनथकडच्या एका गावात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माहेर यवतमाळचं. सासऱ्यांचं गावात किराणा दुकान होतं, आणि हंगामात ते आसपासच्या शेतकऱ्यांचा कापूस घेऊन आदिलाबादच्या बाजारात घालत. घरात सासू, सासरे, नवरा आणि मी. गावात मराठीच बोलत, तरी माझं बोलणं पहिल्या वर्षी फार कमी झालं. चहा ठेवू का, पाणी काढलं, जेवून घ्या. संध्याकाळी वाटे, आज आपण दहा-बारा वाक्यं बोललो असू.

यवतमाळला आमच्या घरामागे व्यायामशाळा होती. आठव्या वर्षापासून मी तिथे मल्लखांब करत होते. मुलींना दोरीवरचा मल्लखांब शिकवत, पुरलेला खांब मुलांचा. पण माझ्याहून तीन वर्षांनी मोठी एक मुलगी होती, मी तिला ताई म्हणे. मुलं घरी गेली की ती खांबाला हात घालायची आणि मलाही चढवायची. माझं लग्न व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात तिचं झालं आणि ती वणीला गेली. तिथे शाळेत शिकवू लागली.

सासरच्या घरामागे कापसाची एक लांबट खोली होती. तिच्या मधोमध सागाचा गोल खांब, आढ्यापर्यंत गेलेला. दिवाळीनंतर खोली कापसाने भरू लागली. एका दुपारी सासूबाई आडव्या झाल्या होत्या आणि मी सुपली शोधत तिथे गेले. खांबाभोवती कंबरभर कापूस. मी उगीच खांबाला मिठी मारली. मग साडी वर खोचली आणि चढले. दोन हात वर गेले असेन, मांडीला सालपट लागलं आणि घसरून कापसात पडले. किती तरी वेळ तिथेच पडून राहिले. रडू आलं, पण ते लागल्याचं नव्हतं.

त्या आठवड्यात मी ताईला पत्र लिहिलं. पोस्टकार्ड नको म्हणून आंतरदेशीय पत्र. पलीकडे महाराष्ट्र असला तरी उत्तर यायला दहा-बारा दिवस लागत. सासरे दुकानात आलेलं पत्र न फोडता माझ्या हातात देत, याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटे.

तिचं पहिलं उत्तर अजून आठवतं. "खांब आहे ना? मग रडतेस काय! आधी तो नीट कर. फुटक्या बाटलीच्या काचेने खरवड, वरून खाली, उलटं नको. मग पॉलिश पेपर फिरव. एरंडेल लावशील तर कापसाला डाग पडतील आणि तुला घराबाहेर काढतील. फडक्यावर चार थेंब घे, खांब पूस, मग कोरड्या फडक्याने परत पूस."

आठ दिवस दुपारी मी खांब खरवडत होते. माहेरून आणलेली काळी चड्डी ट्रंकेच्या तळाशी होती, ती काढली. वरून नवऱ्याचा जुना सदरा.

आमच्या व्यायामशाळेतला खांब वर मोकळा होता, त्याच्या टोकावरच्या बोंडावर उभं राहता येई. या खांबाच्या डोक्यावर आढं होतं. म्हणजे निम्मे प्रकार बाद. मी तसं लिहिलं तर ताईने लिहिलं, "वरचं सोड. मधल्या पाच हातांत काय काय होतं ते बघ." मग आमचा पत्रव्यवहार त्या पाच हातांवर चालला. अढी म्हणजे डोकं खाली आणि पाय वर करून मांड्यांनी खांब आवळायचा. ती मला जमत होती, पण हात सोडायची भीती वाटे. ताई लिही, "एकदम दोन्ही सोडू नकोस. एक बोट सोड. दुसऱ्या दिवशी दोन. श्वास कोंडतेस, म्हणून मांड्या थरथरतात." बगलेत खांब पकडून लटकायचं तर बगल सोलून निघे. त्यावर ती लिही, "दोन दिवस खोबरेल लाव आणि चढू नकोस. तिसऱ्या दिवशी मात्र चढ, चौथ्यावर गेलीस की राहिलंच." आणि प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ असे, अधोरेखित केलेली: खाली कापूस नसेल तेव्हा डोकं खाली करायचं नाही.

मी तिलाही विचारायची, तुझं काय चाललंय? ती लिही, "चाललंय की." मला वाटे, वणीला कुठे तरी तीही या वेळी खांबावर असेल. त्या वाटण्यावर माझी दुपार निघे.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीला कासारीण आली. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. मी हात पुढे केला आणि पदर सरकला. दंडावर, कोपराच्या आत, निळे-हिरवे वळ. सासूबाईंनी ते पाहिलं. कासारीण गेल्यावर त्यांनी माझा हात धरून बाही वर केली. मग दुकानातल्या माझ्या नवऱ्याला हाक मारली.

"काऊन मारून राह्यला रे तू तिले?"

नवरा बघतच राहिला. "म्या? म्या काऊन मारीन?"

"मंग हे काय व्हय? आमच्या घरात कोनी बायकोवर हात नाही उचलला. तुया बापानंबी नाही."

तो माझ्याकडे बघत होता, त्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "त्यांनी नाही मारलं. खांबाचे आहेत."

मग सगळं सांगावं लागलं. नवऱ्याला लग्नाआधीचं ठाऊक होतं, तो मान खाली घालून उभा राहिला. सासूबाईंना काही केल्या उमजेना. शेवटी म्हणाल्या, "चाल, दाखव मले."

त्या कापसावर बसल्या. मी कपडे बदलून आले, खांबाला नमस्कार केला आणि चढले. अढी घेतली, दोन्ही हात सोडले, मग कुशीवर वळून अंग झेंड्यासारखं आडवं केलं. इतकं स्वच्छ ते कधीच झालं नव्हतं. खाली उतरले तेव्हा त्यांच्या हातात कापसाचा एक पुंजका होता आणि त्या त्यातली सरकी काढत होत्या.

"पडली तं?"

"खाली कापूस आहे."

सरकी बाजूला टाकून त्या उठल्या. "दार आतून लावत जा. आन पोट राह्यलं का हे बंद."

बस्स. त्या परत कधी बघायला आल्या नाहीत, नवराही आला नाही. मला वाटलं होतं, आता कुणाला तरी सांगता येईल, आज किती वेळ हात सोडले ते. परवानगी मिळाल्यावर मी जास्तच एकटी पडले. चोरून करताना निदान सगळं घर मनात असायचं.

पुढे मुलगी झाली, दीड वर्ष खांब बंद राहिला. त्यानंतर पुन्हा सुरुवात केली तेव्हा अंग जड झालं होतं. ताईची पत्रं येत होती: "पोटाला घाई करू नकोस. महिनाभर नुसतं चढ आणि उतर." तसंच केलं. मुलगी चार वर्षांची असताना वणीला नात्यात लग्न निघालं. पांढरकवड्यावरून बस बदलून आम्ही गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला घेऊन ताईचं घर शोधत गेले.

माडीवरच्या दोन भाड्याच्या खोल्या. ती वह्या तपासत बसली होती. अंगाने भरली होती, चष्मा लागला होता. चहा झाला. मी म्हणाले, "कुठे करतेस तू? व्यायामशाळा जवळ आहे का?"

"कसली व्यायामशाळा गं."

"मग?"

ती हसली. "लग्नाच्या आदल्या महिन्यात शेवटची चढले मी. तेव्हापासून हात लावला नाही."

मला आधी खरंच वाटलं नाही. "मग एवढं सगळं लिहीत होतीस ते?"

"डोळे मिटून बसायचे. तू काय लिहिलंस ते वाचायचं, मग मनातल्या मनात चढायचं, कुठे अडतं बघायचं. मग तुला लिहायचं." तिने वही बंद केली. "तू करून राहिली होतीस म्हणून मला बरं वाटायचं."

मी उठले. मुलीला कडेवर घेतलं आणि निघाले. परतीच्या बसमध्ये मला तिचा राग आला होता. सात वर्षं मी दोघींसाठी चढत होते आणि मला ते माहीत नव्हतं. पैनगंगेचा पूल ओलांडताना मला ती दुपारी डोळे मिटून बसलेली दिसली, आणि रागाच्या जागी काय आलं ते मला सांगता येत नाही. बरं नव्हतं ते.

सहा महिने पत्र लिहिलं नाही. तिनेही नाही. मग मीच लिहिलं, इकडे ये. ती मे महिन्यात आली, एकटीच. कापूस विकून गेला होता, खोली रिकामी, खाली शेणाने सारवलेली जमीन. मी चार गोधड्या अंथरल्या. तिने माझाच एक सदरा घातला, खांबावरून तळहात फिरवला, म्हणाली, "छान खरवडलास." मग चढली. हातभर वर गेली आणि तिथेच खांबाला धरून थांबली. तिचे दंड कापत होते.

"सोड श्वास," मी म्हणाले. "टाच खांबाला लाव. मी आहे खाली."

ती आणखी वीतभर गेली. तिथे बहुधा मिनिटभर राहिली असेल. खाली आली तेव्हा मांडी लाल झाली होती आणि ती हसत होती, हसता हसता तिने तोंड फिरवलं. दुपारी जेवून ती आदिलाबादच्या बसने गेली.

त्यानंतर तिची दोन पत्रं आली. शाळा, नवऱ्याची तब्येत, घर बांधायचं. खांबाचं त्यांत काही नव्हतं आणि मीही विचारलं नाही. मग तिची बदली झाली, नवा पत्ता आलाच नाही.

मी पुढे पाचेक वर्षं करत राहिले, आठवड्यातून एकदोनदा, दार लावून. कधी थांबले ते सांगता येणार नाही. एका हिवाळ्यात मुलीच्या शाळेचा डबा भरताना सहज माझ्या दंडाकडे लक्ष गेलं. एकही वळ नव्हता, आणि किती दिवसांपासून नव्हता, हे मला आठवेना.