भाड्याच्या घरातली घरमालकीण

ती पहिल्यांदा लक्षात राहिली ती शाळेच्या पालकसभेत. बाकीच्या आया लेकरांच्या गुणांवरून हुज्जत घालत होत्या आणि ही बाई मान वर करून नव्या वर्गाचं छत न्याहाळत बसली होती. तिची पाळी आली तेव्हा वर्गशिक्षक म्हणाले, "मुलीबद्दल काही विचारायचंय?"

"मुलीबद्दल नाही. ती आळशी आहे, ते घरीच कळतं मला. हे छत कोणी टाकलं?"

मुख्याध्यापकांनी खाकरत कुणा ठेकेदाराचं नाव सांगितलं. तिने मान डोलावली आणि निघून गेली. पुढच्या आठवड्यात वर्ग रिकामा करावा लागला, तेव्हा शाळेत बरीच कुरकुर झाली. ते नवं छत उतरवताना हातात भुगा होऊन आलं, तेव्हा कुरकुर करणारेच "आम्ही आधीपासून म्हणत होतो" असं सांगू लागले.

ती बांधकाम परवाना खात्यात होती. परवाना नसताना घरं पाडणारे, बांधणारे, भिंती इकडच्या तिकडे करणारे ठेकेदार हुडकून काढायचे, हे तिचं काम. त्याची रीतही न्यारी. खात्याने एखादं साधं घर काही दिवसांसाठी घ्यायचं, तिने तिथली मालकीण व्हायचं आणि संशयित ठेकेदाराला कामासाठी बोलवायचं. त्याने दोघांदेखत काम कबूल केलं की ती ठरलेलं वाक्य बोलणार. मग आतल्या खोलीत दडलेलं पथक बाहेर येणार. तिने मात्र शेवटपर्यंत मालकीणच राहायचं, ओळखपत्र कधी काढायचं नाही. तिचा अनोळखी चेहरा हेच तिचं हत्यार होतं. कचेरीत तिला सगळे ‘घरमालकीण’ म्हणत. स्वतः राहायची भाड्याच्या दोन खोल्यांत. नवरा चिडवायचा, "गावभर घरं हिची, आणि भाडं भरायला मी!"

त्या दिवशी घर होतं तिच्या मावससासूचं. मावशींना या कामाचा भारी उत्साह. सकाळीच ठेवणीतली साडी नेसून त्या खुर्चीत बसल्या होत्या.

"मावशी, तुम्ही फक्त बसायचंय. बोलायचं नाही."

"अगं, सासू बोलत नाही हे कुणाला तरी खरं वाटेल का?"

आतल्या खोलीत पथकाचे साहेब आणि एक शिपाई कपाटाशेजारी अंग चोरून उभे होते. मावशींनी "पंखा लाव गं" हे ठरलेलं वाक्य तीनदा म्हणून पाहिलं, आणि शिपाई तिन्ही वेळा बाहेर आला.

यायचा होता तो ‘हसरा’. खात्यात त्याला याच नावाने ओळखत. परवाना नाही, शिक्षण नाही, पण तोंडात साखर. लोक त्याच्या हसण्यावर भुलून घर त्याच्या हवाली करत. त्याने पाडलेल्या भिंतींमुळे दोन घरांना तडे गेले होते. दोन्ही वेळा तो निसटला, कारण त्याने काम कबूल केल्याचं सांगायला कुणीच पुढे आलं नाही.

हसरा आला, मावशींच्या पाया पडला, आणि स्वयंपाकघर व बैठकीच्या मधल्या भिंतीवर थाप मारून म्हणाला, "ही ना? उद्या सकाळी सुरू केली की संध्याकाळी तुम्हाला बैठकीतून चूल दिसेल!"

"पण वर काय आहे ते बघितलं का? तुळई कुठून गेलीय? भार जर याच भिंतीवर असेल तर..." तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली. भिंत पाडायला निघालेल्या मालकिणीला तुळई कशाला ठाऊक असेल? तिची नेहमीची चूक हीच. धोक्याची भिंत पाहिली की सोंग गळून पडायचं.

हसऱ्याचं हसू जरा आकसलं. "बाई, तुम्हाला बरंच कळतं की यातलं!"

"कळणार नाही तर काय!" मावशी कडाडल्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माहेरच्या गवंडी काकाचं कौतुक अजून संपलं नाही. रोज ऐकते मी. काका असं म्हणायचे आणि काका तसं म्हणायचे. तू तिच्याकडे लक्ष देऊ नकोस बाळा, भिंत पाड."

तिचा कोणी काका गवंडी नव्हता. पण हसरा पुन्हा खुलला.

"उगाच घाबरता तुम्ही. अशीच भिंत आज शिंप्याच्या घरी पाडतोय. माणसं लागलीत कामाला. वर त्याची म्हातारी झोपून असते, तिला जिना उतरवत नाही. म्हटलं, आजी, खाली गडगडलं तर घाबरायचं नाही!"

काम कबूल झालं होतं. दोन साक्षीदार समोर होते. मावशींनी तर तोंड उघडलंसुद्धा होतं, पण तिने डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. आत्ता पथक बाहेर आलं तर हसरा सापडेल खरा, पण तोंडाला कुलूप लावून बसेल. मग शिंप्याचं घर कुठे शोधायचं? गावात शिंपी काय एकच होता? तिकडे घण चालू होता, आणि म्हातारी वर झोपलेली होती.

"मला तुमचं काम बघू द्या," ती म्हणाली. "घर पाहावं बांधून म्हणतात. मी आधी दुसऱ्याचं बघते."

हसऱ्याला असं कौतुक हवंच होतं. "चला की, आत्ताच चला. स्कूटरवर बसाल ना?"

"मावशी, मी यांच्याबरोबर शिंप्याकडे जाऊन येते," ती आतल्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. पथकाला स्कूटरच्या मागावर निघायला तेवढं पुरे होतं.

"जा, जा. आणि पंखा?" मावशी कासावीस होऊन म्हणाल्या.

"आल्यावर."

शिंप्याचं घर बांधकाम सामानाच्या दुकानासमोर होतं. दुकानाच्या पायरीवर नेहमीप्रमाणे ठेकेदारांचं टोळकं बसलेलं. त्यातले निम्मे तिच्या पुढच्या सापळ्यांच्या यादीत होते. त्यांच्यापुढून ती हसऱ्याच्या मागे आत शिरली.

धुळीने पुढचं नीट दिसत नव्हतं. शिंप्याने यंत्रावर चादर टाकली होती आणि कापड छातीशी धरून तो कोपऱ्यात उभा होता. भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड पडलं होतं. भगदाडाच्या वरच्या कोपऱ्यातून एक चीर निघून तिरकी छताकडे गेली होती. ती बघत असतानाच चिरेतून चिमूटभर गिलावा झरला. थोड्या वेळाने पुन्हा झरला.

वर पलंगाचा पाय कुरकुरला. म्हातारीने कूस बदलली असावी.

पथक अजून पोचलं नव्हतं. वाट बघणं हा नियम होता. कामगाराने घण पुन्हा उचलला.

"हात थांबव!" ती म्हणाली.

तो थांबला आणि हसऱ्याकडे पाहू लागला. हसरा म्हणाला, "अहो बाई, हे काही तुमचं घर नाही."

तिने पर्समधून ओळखपत्र काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. दारात दुकानावरचे ठेकेदार जमले होते, त्यांनाही दिसलं. "परवाना खातं. घण खाली ठेवा. शिंपीदादा, आईला खाली आणा, पाठुंगळीला घेऊन आणा, पण सावकाश. आणि तुम्ही," ती दारातल्या टोळक्याकडे वळली, "बघत काय राहिलात? दुकानातल्या बल्ल्या आणा, जाड फळ्या आणा. टेकू द्यायचाय."

तिचा आवाज असा होता की त्यातल्या एकालाही आपल्याकडे परवाना नाही हे आठवलं नाही. बल्ल्या आल्या. शिंपी आईला पाठीवर घेऊन जिना उतरला. म्हातारी त्याच्या कानात ओरडत होती, "मेल्या, खोली मोठी करायची म्हणून घर लहान करतोस होय रे!"

पहिली बल्ली उभी होईपर्यंत फळी खांद्यावर तोलून धरायला कुणीतरी हवं होतं. स्कूटरची किल्ली हातात घेऊन दाराकडे सरकलेला हसरा थबकला. त्याने चिरेकडे पाहिलं. मग किल्ली खिशात टाकून तो फळीखाली शिरला आणि खांदा दिला.

पथक पोचलं तेव्हा ज्याला पकडायचं तोच छत तोलून उभा होता. घामाने डबडबलेला, आणि चेहऱ्यावर हसू नाही.

"याला घेऊ का?" शिपायाने विचारलं.

"आधी बल्ली ठोका, मग घ्या," ती म्हणाली.

हसरा फळीखालून म्हणाला, "म्हणजे ते घरसुद्धा तुमचं नाही?"

"नाही. मावशींचं आहे."

"आणि गवंडी काका?"

"तेही मावशींचेच."

चौथी बल्ली घट्ट बसली. गिलावा झरायचा थांबला. म्हातारीला समोरच्या दुकानात खुर्ची दिली गेली, आणि तिथे बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला लेकाची अक्कल सांगू लागली.

परतताना साहेब गाडीत म्हणाले, "थोडी वाट पाहायची होतीस. आम्ही येतच होतो."

"मी पाहिली असती. भिंतीने पाहिली नसती."

दोघांनाही ठाऊक होतं, दारातल्या टोळक्यात कुणीतरी फोन वर धरून फोटो काढला होता. संध्याकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येक ठेकेदाराच्या फोनवर पोचला. पुढच्या महिन्यात तिने दुसऱ्या एका घराचं दार उघडलं, तर बाहेरच्या माणसाने हात जोडले. "नमस्कार मॅडम, घर छान आहे. येतो मी." आणि आल्या पावली परत गेला. त्यानंतरच्याने तर जिन्यातूनच हात जोडले.

घरी नवऱ्याने विचारलं, "वाईट वाटतं का गं?"

"वाटतं ना. सोंग छान जमत होतं."

"कुठे जमत होतं? तुळई विचारायचीस तू त्यांना."

ती खूप हसली. मग म्हणाली, "ती म्हातारी अजून लेकाच्या पाठुंगळीला बसून दुकानात येते म्हणे. त्याचीच उणीदुणी काढत." तिच्या बोलण्यात समाधान होतं, पश्चात्तापाचा लवलेश नव्हता.

आता ती कचेरीतच परवाना मागायला येणाऱ्या ठेकेदारांची तोंडी परीक्षा घेते. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीलगतचं टेबल तिचं आहे.