काचेची अर्धी प्रदक्षिणा

१९५७, फेब्रुवारीतला एक रविवार, नाचणगाव. हजर: मी, घरमालकीण मावशी आणि त्यांची शेळी. आणखी कोणी यायचं नव्हतं. माझ्याकडे कोणी येत नसे.

मी पुलगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि मावशींच्या अंगणातल्या खोलीत एकटी राहत होते. दक्षिणेतल्या एका दुर्बिणीच्या कारखान्यानं कळवलं होतं, की स्वतः घासलेला एक आरसा घेऊन या, मग शिकाऊ म्हणून घ्यायचं का ते बघू. मार्च उजाडायच्या आत जायचं होतं. आरसा जमला तर कारखाना, नाही तर शाळा आणि हीच खोली.

भंगारातून लष्करी जाड काचेच्या दोन गोल चकत्या आणल्या होत्या. वाळू भरलेल्या डांबराच्या ड्रमावर एक चकती पक्की बसवायची, मध्ये पाणी आणि कुरुंदाची पूड घालायची, वरची चकती पुढे-मागे घासायची. वरची हळूहळू खोलगट होते. घासणाऱ्यानं मात्र पाऊल-पाऊल सरकत ड्रमाभोवती फिरत राहायचं, म्हणजे काच सगळीकडून सारखी झिजते. सांडलेलं पाणी उत्तरेकडच्या पन्हाळीतून दोडक्याच्या वेलाला जाई.

जानेवारीत मला हिवताप आला. काम थांबलं असतं, पण मावशींनी पदर खोचला. "तू पडून राह्य. भाकरी थापते तर काच नाई घासता येनार मले?" खाटेवर पडल्या पडल्या ती घासण्याची घरघर ऐकू यायची. त्या घरात माझ्यासोबत दुसरं कोणी काम करतंय, असं तेवढ्याच दिवसांत वाटलं. मला ताप उतरायची घाई नव्हती.

बरी झाल्यावर मी काचेला पॉलिश केलं आणि त्या रविवारी दुपारी ती तपासायला बसले. दूर तारेच्या खांबावरच्या चिनी मातीच्या टोपीवर ऊन चमकत होतं. आरशासमोर भिंग धरून पाहिलं, तर तो ठिपका ताऱ्यासारखा गोल दिसायला हवा. तो तांदळाच्या दाण्यासारखा लांबट दिसला. भिंग मागे घेतलं तर आडवा, पुढे केलं तर उभा. काच एका बाजूनं जास्त झिजली होती.

"मावशी, तुम्ही घासताना कशा फिरत होतात? दाखवा बरं."

त्या पदर सावरून ड्रमाभोवती निघाल्या. पन्हाळीपाशी थबकल्या, वळल्या आणि आल्या वाटेनं परत गेल्या. पन्हाळीपलीकडच्या बाजूला गेल्याच नाहीत.

"परत काऊन फिरलात?" घाईत माझ्याही तोंडून त्यांचाच शब्द आला.

"मंग? महादेवाले पुरा फेरा घालते काय कोनी? धार वलांडत नाई, बाई."

"मावशी, ती काच आहे!"

"गोल आहे, वरून पानी पडते, अन् तू रोज आंघोळ करून त्याच्याभवती फिरून राह्यली. एवढं कोनासाठी करतेत मानसं? काचेसाठी?" मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "बिघडलं काय वं काही?"

"नाही," मी म्हणाले. पुन्हा घासायला दिवस उरले नव्हते.

आरसा तसाच नेला. कारखान्यातल्या प्रमुखांनी तो पाहिला आणि विचारलं, "हा का बिघडला, माहीत आहे?" मी पन्हाळीपासून सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "कारण सापडलेला दोष दुरुस्त होतो. सोमवारपासून या."

पुढची सगळी वर्षं आरशांतच गेली. तिथे काच यंत्र फिरवतं. अंधाऱ्या तपासणी खोलीत मी आणि एक दिवा, बाकी कोणी नाही. माझ्या हातचे आरसे मोठमोठ्या दुर्बिणींत बसले. त्यांची यादी माझ्याकडे आहे, ती कुणाला दाखवावी असं कोणी नाही.

नाचणगाव सोडून निघाले तेव्हा मावशी स्टेशनवर आल्या होत्या. "मी घासली त्या काचेतून मले एकडाव चांद दाखवजो," म्हणाल्या. दुसऱ्या कुठल्या दुर्बिणीतून नव्हे, त्या काचेतून. आता त्यांना नीट दिसत नाही, असं गावाकडून येणारे सांगतात.

काच माझ्या पलंगाखाली आहे. तिचा दोष काढायला कुरुंदाची पूड आणून ठेवली आहे, ड्रमही मिळाला. काच घासायची राहिली आहे.