अखिल भारतीय भोवरा, मुक्काम माधवगंज

मोघ्यांच्या घराची आणि आमची भिंत एक. त्यामुळे किस्से जमवायला मला लांब जावं लागत नाही. गच्चीवर पापड वाळत घालायला गेले तरी दोन-तीन घेऊनच खाली येते. लोक म्हणतात, मी कान लावते. भिंतच पातळ, त्याला मी काय करू!

तर मोघ्यांच्या पुढच्या खोलीत भोवऱ्याच्या खेळाचा राष्ट्रीय महासंघ आहे. बोर्ड एवढा मोठा की त्यामागे खिडकी गेली. अण्णा मोघे महासचिव. अध्यक्ष दिल्लीचे कोणी नेताजी. त्यांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल असतो. नेताजी एकदाही आले नाहीत, पण टॉवेल दर सोमवारी धुतला जातो. धुतात अण्णांच्या पत्नी, नलूताई. दोरीवर टाकताना मला म्हणाल्या, "अध्यक्षांना घाम फार येतो हो."

*

राज्याराज्यांचे संघही आहेत. सिक्कीमचे सचिव म्हणजे अण्णांचे साडू वसंतराव. दाल बाजारात त्यांचं डाळींचं दुकान आहे. मी विचारलं, सिक्कीमला कधी गेलात?

"अजून योग नाही आला, वहिनी. पण स्वेटर घेऊन ठेवलाय."

*

जिल्ह्याचे सचिव अण्णाच, राज्याचेही अण्णाच. पण प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर. जिल्ह्याचे अण्णा इंदरगंजच्या पोस्टात जाऊन राज्याच्या अण्णांना रजिस्टर पत्र टाकतात. पोस्टमन तेच पत्र घेऊन येतो, आणि अण्णा चष्मा लावून पाकीट कोणाचं आहे ते बघतात!

एकदा महासचिव अण्णांनी जिल्हा सचिव अण्णांचा अर्ज त्रुटी काढून परत केला. जिल्हा सचिवांना इतका राग आला की त्या दिवशी ते घरात जेवलेच नाहीत.

*

या चक्रात आमच्या गल्लीतली पिंकी मोरे सापडली. भोवऱ्यात दोनदा देशात पहिली आलेली पोर. रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागत होती, फक्त महासंघाचं सर्टिफिकेट हवं होतं. अर्ज जिल्ह्यातून राज्यात, राज्यातून महासंघात, म्हणजे अण्णांच्या एका खणातून दुसऱ्या खणात, दीड महिना फिरला. शेवटी एकच शेरा उरला: 'टेक्निकल कमिटीने खेळाडूचे कौशल्य तपासले.'

कमिटीची मीटिंग ठरली ती नेमकी रेल्वेत कागद द्यायच्या शेवटच्या दिवशी. मी वाटी परत करायच्या निमित्ताने गेले आणि दारातच थांबले.

*

कमिटीत चार जण, चेअरमन वसंतराव. कौशल्य तपासायचं, पण दोरी किती लांब धरायची, यावर तासभर वाद चालला. घड्याळात चार वाजले. पिंकी दाराशी उभी, हातात फाइल.

"काका, पाच बजे रेल्वेची खिडकी बंद होते," ती म्हणाली. "तुम्हीच एकदा फिरवून दाखवा ना, मी वैसाच फिरवते."

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वसंतरावांनी मोठ्या ऐटीत दोरी गुंडाळली आणि भोवरा फेकला. तो सरळ कपाटाखाली गेला. मग अण्णा उठले. त्यांनी दुसरा भोवरा घेतला, जोरात हात झटकला, आणि भोवरा दोरीसकट हातातच राहिला.

कमिटीनं ठरवलं की विषय गंभीर आहे, पुढच्या मीटिंगला घेऊ. पिंकीनं फाइल छातीशी धरली.

तेवढ्यात नलूताई चहाचा ट्रे घेऊन आल्या. ट्रे टेबलावर ठेवला, पदर खोचला, वाकून कपाटाखालचा भोवरा काढला. दोरी गुंडाळली ती इतकी भराभर की माझी नजर मागे राहिली. भोवरा फरशीवर पडला आणि गुणगुणायला लागला. ताईंनी तो फिरता फिरताच तळहातावर उचलून घेतला.

पंचवीस वर्षं मी त्यांची शेजारीण, मला पत्ता नव्हता. अण्णांकडे बघितलं, तर त्यांनाही नव्हता.

ताई तळहात तसाच धरून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. आवाज जराही चढवला नाही.

"हा पडायच्या आत पोरीच्या कागदावर सही करा."

महासचिव खिशात पेन शोधायला लागले. सिक्कीमनं घाईघाईनं आपलं पुढे केलं.