साहेबांच्या पाठीची माती

"मी नाही झोपत," रहीम म्हणाला आणि अख्खी परेड थांबली.

बुलढाण्याच्या पोलीस लाइनीत मी ड्रिल हवालदार होतो. वऱ्हाडाचे हुकूम तेव्हा नागपूरहून यायचे. हा झोपायचा हुकूम मात्र आमच्या गोऱ्या साहेबांचा खास घरचा होता. रजेवरून येताना त्यांनी जपानी कुस्तीचं सचित्र पुस्तक आणलं होतं. चोराने खाली पाडलं तरी शिपायाने हरू नये, हा त्यातला मुद्दा. उताणं पडायचं आणि आपले पाय चोराला आडवे धरायचे. तो बाजूने आला की कंबर फिरवायची, गुडघे छातीशी ओढायचे, की पाय पुन्हा आडवे. त्याला छातीवर येऊ द्यायचं नाही. युक्ती खरंच बरी होती.

पण रहीम देऊळघाटचा पैलवान. आमच्याकडे पाठ मातीला लागली की कुस्ती संपली.

"झोप ना बे! ड्यूटी हाय ही," मी म्हणालो.

"हवालदारसाहेब, माही पाठ अजून कोनं मातीले लावली नाही. आता मीच लावू? काऊन?"

साहेबांनी ऐकलं. "कल नहीं लेटा तो बरखास्त!"

रहीमची आई आणि दोन लहान मुली त्याच पगारावर जगत होत्या. मला त्याचा राग आला, साहेबांचा त्याहून जास्त. पण साहेबांवर रागावण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सलाम ठोकला. "हुजूर, ये लोग देखे बगैर नहीं समझते. एक बार आप दिखाइए."

साहेब खुलले. कोट काढून मैदानात ऐसपैस उताणे पडले. चोर झाला रहीम.

रहीम उजवीकडून गेला. साहेबांचे पाय हलले, कंबर जिथल्या तिथे. कंबर फिरवायची असते हे पुस्तकाला ठाऊक होतं, साहेबांच्या कंबरेला कुणी कळवलं नव्हतं. रहीमने दोन्ही घोटे धरून कडब्याच्या पेंढीसारखे बाजूला ठेवले आणि छातीवर बसला.

"अगेन!"

पुन्हा तेच.

मग रहीमने प्रत्येक कुस्तीनंतर करायचा तेच केलं. साहेबांना हात देऊन उठवलं आणि त्यांच्या पाठीची माती झाडली. अगदी मायेने. परेडमध्ये कुणीतरी फिसकन हसलं.

"ये क्या करता है?" साहेबांनी मला विचारलं.

"इज्जत करता है, हुजूर. हारे हुए की."

संध्याकाळी ऑर्डर आली: मैदान योग्य नसल्याने सदर ड्रिल बंद. रहीमचं नाव कुठेच नव्हतं. साहेब त्याला काढायचं कारण लिहायला बसले असते, तर बाकीचंही लिहावं लागलं असतं.

पुढे नोकरीभर मी एवढंच पाळलं. खुळा हुकूम मोडू नये. ज्याने काढला, त्यालाच आधी पाळायला लावावा.