परवाची धार

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पिस्कॅटवेला शिकताना मी आइस रिंकवर पार्ट-टाइम काम करायचो. तिथे एक म्हातारा आइस हॉकी टीमच्या स्केट्सना, म्हणजे बर्फावर घसरायच्या बुटांच्या पात्यांना, धार लावायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. धार लावली की पात्यावरून नख फिरवून बघायचा.

एकदा टीमच्या स्टार खेळाडूला कोचने आळशी ठरवून बाहेर बसवलं. मीही म्हणालो, "बरोबरच आहे, तो पळतो कुठे? नुसता तरंगतो." हॉकी म्हणजे ऊर फुटेस्तोवर धावणं, एवढंच मला ठाऊक.

म्हाताऱ्याने त्या खेळाडूचा स्केट माझ्या हातात दिला. पातं बोथट झालं होतं.

"धार परवाच लावली होती. आळशी माणसाची दोन दिवसांत जात नाही."

"मग कोचला सांगा ना!"

"सांगितलं."

कोचने त्याला पुन्हा बर्फावर उतरवलं नाही. म्हाताऱ्याने मात्र त्याच्या स्केट्सना पुन्हा धार लावली. मग रोज ते काढायचा, नख फिरवायचा आणि धार शाबूत बघून तसेच परत ठेवायचा.